‘रे ऑफ लाइट’ मॅडोनाचं, पण व्हिडिओ कुणाचा?

मॅडोनाचं ‘रे ऑफ लाइट’ जगभर गाजलं. त्याचा व्हिडिओ कुणी केला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल. ते नाव आहे योनास ओकेरलुंड.

स्वीडनचे ओकेरलुंड १९८३-८४ मध्ये ‘बाथोरी’ या मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचे. पुढे ते एडिटिंग आणि दिग्दर्शनाकडे वळले. १९९८ च्या ‘रे ऑफ लाइट’मध्ये त्यांनी टाइम-लॅप्स वापरून शहरातला अख्खा दिवस गाण्याच्या ठेक्यावर पळवला. त्या वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरलाच, शिवाय दिग्दर्शन आणि एडिटिंगचे पुरस्कारही मिळाले. १९९९ मध्ये ग्रॅमीही मिळाला. लेडी गागाचे ‘पापाराझी’ आणि ‘टेलिफोन’ हे व्हिडिओही त्यांचेच.

मग मुद्दा काय? ग्रॅमीत म्युझिक व्हिडिओचा पुरस्कार कलाकार, दिग्दर्शक आणि निर्मात्याला मिळतो, एडिटरला नाही. ओकेरलुंड स्वतःच दिग्दर्शक होते, म्हणून त्यांचं नाव पुढे आलं. जे फक्त एडिटिंग करतात, त्यांचं काय? यूट्यूबवर शीर्षकात गायक झळकतो. एडिटरचं नाव दिलंच असेल, तर ते खाली डिस्क्रिप्शनमध्ये असतं. आणि ते उघडून वाचतं कोण?