तान्ह्याला तहान लागली तर?

मैत्रिणींनो, इस्लापूरकडचा उन्हाळा म्हणजे नुसती आग. सहस्रकुंडाची धारसुद्धा तेव्हा बारीक होते. अशात मांडीवर दोन महिन्यांचा लेक, अन् आई काकुळतीने म्हणते, “अगं, लेकराचा घसा सुकला असेल, दोन चमचे पाणी पाज.” तिची माया खरी, पण पाणी मात्र पाजू नका हं!

आईच्या दुधात शंभरात सुमारे ८८ भाग पाणीच असते. ६ महिने पुरे होईस्तोवर बाळाला ते पुरते. वरच्या पाण्याने इवलेसे पोट भरते, दूध कमी ओढले जाते. शिवाय पाणी दूषित असले तर हगवण. बाळगुटीही नको. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातून क्वचित विषबाधा होते.

उन्हाळ्यात तो पुन्हापुन्हा मागेल, दर वेळी पदराखाली घ्या. दुपारी कुंची-टोपडे काढून ठेवा. दिवसाकाठी ६-७ लंगोट ओले झाले, की दूध पुरतेय समजा. ते कमी झाले, लेकरू मलूल दिसले, तर दवाखाना गाठा.

पाण्याचा तांब्या बाळंतिणीच्या उशाशी ठेवा. तिलाच पाणी मोजून द्यायची रीत मला तर कधीच पटली नाही!