परांची कुणाची?

पोस्ट मोठी आहे. पण मोशी, चिखली, डुडुळगाव, चऱ्होली या भागात राहत असाल आणि खिडकीतून एखादी अर्धवट इमारत दिसत असेल, तर वेळ काढून वाचाच.

माझा मुलगा बारावीच्या परीक्षेतून मोकळा झालाय आणि गेले तीन आठवडे लॅपटॉपवर किल्ला बांधतोय. गेमचं नाव ड्वार्फ फोर्ट्रेस. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी केलेला. २००६ साली आला तेव्हा पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं दिसायची, २०२२ च्या डिसेंबरमध्ये चित्रांसकट नवा आला. तुमच्या हाताखाली बुटक्या कारागिरांची एक टोळी असते. त्यांच्याकडून डोंगर खोदून घ्यायचा, भिंती उभारायच्या, बुरूज चढवायचे. दिवाळीत आपण माती कालवून करायचो तेच, फक्त मावळे जिवंत.

परवा रात्री जेवायला बसल्यावर म्हणाला, "पप्पा, माझे सात जण मेले."

म्हटलं, "लढाईत?"

"नाही ओ. स्कॅफोल्डिंग काढताना."

घास हातातच राहिला. जेवण झाल्यावर त्याच्याशेजारी बसून नीट समजून घेतलं.

या गेममध्ये भिंत बांधायची तर कारागिराला शेजारी उभं राहायला जागा लागते. खालचा थर जमिनीवरून होतो. वरच्या थरांसाठी काय करणार? मग खेळणाऱ्यांनी पद्धती काढल्यात. कुणी भिंतीला लागून जिन्यांचा एक सरळ मनोरा चढवतो आणि प्रत्येक मजल्यावर त्यातून बाहेर फळ्या टाकतो. कुणी दगडांची चढण रचत नेतो. यातलं काहीच किल्ल्याचा भाग नसतं, काम झालं की काढून टाकायचं. पण त्यालाही दगड-लाकूड लागतं, माणसं लागतात, दिवस जातात. पोराने बांधताना सगळं नीट केलं होतं. काढताना मात्र जिन्याला जोडणारी फळी आधी काढायचा हुकूम दिला. बाकीची सगळी रांग अधांतरी झाली आणि वरच्या सात जणांना घेऊन खाली आली.

या गेममध्ये वजनाचा हिशोबच नाही. एका फळीच्या जोडावर अख्खा डोंगर तोलता येतो. (आपल्याकडच्या काही मुकादमांना हे खऱ्या जगातही खरं वाटतं.) पण तो एक जोड तुटला की माफी नाही. आता पोरगं बुरूज बांधायला घेण्याआधी परांची कुठून कुठे जाणार आणि शेवटी कुठल्या टोकाकडून काढत यायची, हे वहीत लिहून ठेवतं. माणसं कुठून उतरणार तेही.

मी उठून गॅलरीत गेलो. समोरच टॉवरचं काम चालू आहे. हिरवी जाळी, आत पाइपांचा सांगाडा, काही ठिकाणी पाइप संपून बांबू. स्वतःलाच विचारलं की या सांगाड्याचा क्रम कुणाच्या वहीत लिहिलेला असेल?

मोशी १९९७ साली महापालिकेत आली. तेव्हा इथे शेती होती, गोठे होते आणि नाशिक रस्त्याला दोन-चार हॉटेलं. आज पंचवीस-तीस मजल्यांचे आराखडे येतात. त्या आराखड्यात पार्किंग असतं, पाण्याची टाकी असते, फायरची लाइन असते. इमारत उभी करणारा सांगाडा त्यात नसतो, कारण तो 'तात्पुरता'. आर्किटेक्ट म्हणतो माझ्याकडे नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतो माझी जबाबदारी कॉलम-बीमची, बिल्डर म्हणतो ठेकेदाराला दिलंय, ठेकेदार म्हणतो प्लास्टरवाल्यांनी त्यांचं त्यांनी बांधलंय. शेवटी परांची कुणाची? जो त्यावर चढतो त्याची.

गेल्या काही वर्षांतल्या आपल्याच भागातल्या दुर्घटना आठवून बघा. २९ जुलै २०१६, बालेवाडी : वरच्या मजल्यावर स्लॅबचं काम चालू असताना तो कोसळला, नऊ कामगार गेले. ३ फेब्रुवारी २०२२, येरवडा : सळयांची जाळी अंगावर पडून बिहारचे पाच कामगार गेले. २४ ऑक्टोबर २०२४, भोसरी : कामगार वसाहतीतली पाण्याची टाकी फुटली, पाच गेले. एक स्लॅब, एक जाळी, एक टाकी. दिसायला तीन वेगळ्या गोष्टी. पण ओला स्लॅब खालच्या टेकूंवर उभा असतो, काँक्रीट पडेपर्यंत जाळी आधारावर उभी असते आणि ती टाकी काम संपलं की हलवायचीच होती. पूर्ण झालेल्या इमारतीखाली यातला एकही गेला नाही. सगळे तात्पुरत्या गोष्टींखाली गेले.

कायदा नाही असं नाही. बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २००७ चे. परांचीसाठी भारतीय मानक आयएस ३६९६ आहे, त्याचा पहिला भाग १९८७ पासून. उभे खांब कशावर टेकवायचे, इमारतीला कुठे बांधायचे, फळी कशी, कठडा कसा, सगळं त्यात आहे. १९९६ चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी वेगळा घेतला जातो. कागद भरपूर आहेत. पण कामगार खात्याला इमारतीची परवानगी द्यायची नसते, आणि महापालिका परवानगी देते ती इमारतीची, परांचीची नाही. मधल्या फटीत माणूस पडतो.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. चाकणच्या मोठ्या कारखान्यात शेडचा एक पत्रा बदलायचा असला तरी आधी उंचीवरच्या कामाचं परमिट निघतं. परांची तपासून हिरवा टॅग लागतो. लाल टॅग असेल तर चढायचं नाही, मग साहेब कितीही घाईत असो. तोच पाइप, तोच क्लॅम्प, बऱ्याचदा गावाकडून आलेली तीच पोरं. पण ती पोरं नाशिक रस्त्याने दहा-बारा किलोमीटर अलीकडे मोशीत कामाला आली की टॅग नाही, परमिट नाही. कारखान्यात कुणीतरी सही केलेली असते आणि इथे कुणाचीच नसते, एवढाच फरक.

यावर बिल्डर मंडळींचं ठरलेलं उत्तर मला माहिती आहे. "अहो, बेल्ट देतो, हेच लोक लावत नाहीत." खरंय, पुष्कळ जण लावत नाहीत. पण एकदा साइटवर जाऊन बघा, बेल्टचा हुक अडकवायचा कशाला? ज्या पाइपवर तो उभा आहे त्यालाच अडकवला तर पाइप आणि माणूस एकत्र खाली येणार. वेगळी, इमारतीला पक्की बांधलेली दोरी लागते. ती कुणी लावायची? परत तेच.

बांबूला शिव्या देणाऱ्यांसाठीही दोन शब्द. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगच्या ताय पो भागात दुरुस्ती चाललेल्या निवासी टॉवरना आग लागली, दीडशेहून जास्त माणसं गेली. सगळे आधी बांबूच्या परांचीवर तुटून पडले. नंतर बोट गेलं ते वर लावलेल्या जाळीकडे आणि खिडक्यांना चिकटवलेल्या फोमकडे. म्हणजे आपल्या शेजारच्या इमारतीची हिरवी जाळी पेट घेणारी आहे की नाही, हा फक्त मजुरांचा प्रश्न नाही. ज्यांनी बाल्कनीतून ती जाळी बघत ईएमआय भरायला सुरुवात केलीय, त्यांचाही आहे.

उपाय कुठे तरी दूर चंद्रावर नाही. ब्रिटनमध्ये १९७२ साली लॉडन नदीवर पूल बांधताना खालचा तात्पुरता आधार कोसळला, तीन कामगार मेले. पुढे प्रा. स्टीफन ब्रॅग यांच्या समितीचा अहवाल १९७५ साली आला. त्यातून तिकडे एक पद्धत बसली : साइटवरच्या सगळ्या तात्पुरत्या बांधणीसाठी एक नेमलेला माणूस. चढवायला आणि काढायला परवानगी त्याचीच.

माझी मागणी तेवढीच आहे. ठरावीक उंचीच्या वर काम जाणार असेल तर महापालिकेने परवानगीच्या कागदांत परांचीचा नकाशा मागावा, चढवण्याचा आणि काढण्याचा क्रम मागावा. जोत्याचा दाखला देताना त्या माणसाचं नाव विचारावं. साइटच्या दारावर फलक असतोच, त्यावर मालक, आर्किटेक्ट, इंजिनिअर सगळे असतात. तिथे आणखी एक ओळ लिहावी : परांचीची जबाबदारी अमुक यांची, शेवटची तपासणी अमुक तारखेला. खर्च रंगाच्या अर्ध्या डब्याचा.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दल. बोऱ्हाडेवाडीत संभाजी महाराजांचा १४० फुटी पुतळा महापालिकेने हाती घेतला, त्याच्या बातम्या मीही केल्या. उंची किती, ब्राँझ किती, खर्च किती. एवढ्या उंचीवर जोडकाम करायला कोण चढणार आणि कशावरून, हे मी एकदाही विचारलं नाही.

आणि एक जुनी गोष्ट. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका साइटवर परांची उतरवताना एक मुलगा पडला. मी गेलो तेव्हा खाली चप्पल होती आणि कुणीतरी वाळू टाकून ठेवली होती. मी चार ओळींची बातमी केली : 'परप्रांतीय मजुराचा पडून मृत्यू'. नाव मिळवायला एक फोन पुरला असता. डेडलाइन होती, जागा कमी होती, आणि खरं सांगायचं तर सवयच ती होती. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ अंक शोधत ऑफिसला आला. त्याला कात्रण गावी न्यायचं होतं. मराठी वाचता येत नव्हतं, मला म्हणाला, "भैया, नाम कहाँ लिखा है?"

पोराच्या गेममध्ये एक नियम आहे. मेलेल्याला पुरलं नाही, किंवा देह सापडला नाही तर निदान दगडावर त्याचं नाव कोरून ठेवलं नाही, तर तो भूत होऊन किल्ल्यात फिरत राहतो. प्रत्येक कारागिराला नाव असतं, त्यामुळे खेळणाऱ्याला पळवाटच नाही. पोराने काल सातही जणांचे दगड कोरून घेतले आणि बुरुजाच्या पायथ्याशी ओळीने लावले. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुळकरांचं नाव कोरलंय ते आपण वाकून वाचतो, मुलांना दाखवतो. ते बांधकाम करून घेणाऱ्याचं. पाथरवटांची नावं तिथेही नाहीत.

मी त्या मुलाचं नाव नंतर पोलिसांच्या कागदातून शोधून काढलं. डायरीत लिहून ठेवलंय. घरच्यांना न विचारता इथे टाकत नाही. पण यापुढे मी बातमी करेन तेव्हा नाव, वय, गाव आणि परांची कुणी बांधली होती, हे चार रकाने रिकामे ठेवून पाठवणार नाही. इतर पत्रकार मित्रांनाही हेच सांगणं आहे.

तुमच्या शेजारी काम चालू असेल तर आज संध्याकाळी गेटवरचा फलक वाचा. परांचीच्या जबाबदार माणसाचं नाव कुठे दिसलं, तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. मला एकही सापडलेला नाही.