‘कोणालाही सांगू नकोस’ हा अर्धवट सल्ला

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, हार्डवेअर वॉलेट घेतोय. कुठलं घेऊ?" प्रश्न साधा होता. मी मात्र त्याला तासभर असं काही ऐकवलं की शेवटी बिचारा म्हणाला, "अहो मामा, मी फक्त मॉडेल विचारलं होतं!" :)

त्याचं बरोबर आहे. पण हा प्रश्न मला पूर्वी एकाने विचारला होता, आणि तेव्हा मी फक्त मॉडेल सांगितलं होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. नात्यातले बरेच जण हे वाचतात, त्यांच्यासाठी तर मुद्दाम.

सुरुवातीलाच सांगतो, क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये हा वाद आज नको. त्यावर आमच्या घरात दिवाळीच्या फराळापेक्षा जास्त चर्चा झालेली आहे. ज्यांनी घेतलंय आणि जे ‘सुरक्षित’ ठेवायला निघालेत, त्यांच्याशी आज माझं भांडण आहे. त्यात पहिला आरोपी मीच.

सांगलीचा आमचा दादा, म्हणजे चुलत भाऊ. २०२१च्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने थोडं बिटकॉइन घेऊन ठेवलं होतं, एका एक्स्चेंजवर. मी म्हटलं, तिथे कशाला ठेवतोस? त्या जगातलं एक सुभाषितच आहे : किल्ली तुमची नाही तर नाणंही तुमचं नाही. दादाला पटलं. मी त्याला यंत्र मागवून दिलं, समोर बसून चालू करून दिलं, चोवीस शब्द कागदावर लिहून घ्यायला लावले आणि जाताना बजावलं, "हे कोणालाही सांगू नकोस हं. कोणालाही म्हणजे कोणालाही."

दादा शब्दाचा पक्का. त्याने खरंच कोणालाही सांगितलं नाही.

२०२४च्या पावसाळ्यात दादा गेला. हार्ट अटॅक. दिवसकार्य झाल्यावर महिन्याभराने पुतणीचा फोन आला, "काका, बाबांच्या कपाटात पेन ड्राइव्हसारखं काहीतरी सापडलंय. पिन मागतंय." मी म्हणेपर्यंत उशीर झाला होता. तिने आधी स्वतःची जन्मतारीख घालून पाहिली, मग आईबाबांच्या लग्नाची, मग स्कूटरचा नंबर. तीन चुका झाल्या आणि यंत्राने स्वतःला कोरं करून टाकलं. यंत्राची काहीच चूक नाही. त्याने आपलं काम चोख केलं. त्याला काय माहीत, समोर चोर आहे की लेक!

तरीही मी निर्धास्त होतो, कारण शब्द कागदावर होते. मी वहिनींना विचारलं, इंग्रजी शब्द लिहिलेला एखादा कागद होता का? लॅडर, मँगो, टायगर असले काहीतरी शब्द, एकाखाली एक, आकडे घालून? वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एका जुन्या डायरीत होता तसला कागद. हे हिला लहानपणी डिक्टेशन घालायचे ना, मला वाटलं त्यातलाच. सगळ्या डायऱ्या रद्दीत दिल्या हो भावजी."

असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे यंत्र म्हणजे नेमकं काय, हे आम्ही ‘जाणकार’ लोक कधी धड सांगतच नाही. यंत्रात पैसे नसतात. बिटकॉइनची नोंद जगभरातल्या संगणकांवर ठेवलेल्या एका सामायिक वहीत असते. यंत्रात असते ती फक्त सही करण्याची किल्ली. पैसे पाठवायचे असले की व्यवहार यंत्रात जातो, आतल्या आत सही होते आणि सही केलेला व्यवहार बाहेर येतो. किल्ली बाहेर येत नाही, त्यामुळे लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी त्याच्या हाती ती लागत नाही. एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते छान करतं.

आणि ही किल्ली पुन्हा कशातून तयार होते? त्या बारा किंवा चोवीस शब्दांतून. २०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे, ‘अबँडन’पासून सुरू होऊन ‘झू’पर्यंत. यंत्र त्यातून शब्द निवडून देतं. ते योग्य क्रमाने ज्याच्याकडे आहेत, त्याच्याकडे पैसे आहेत. यंत्र विहिरीत पडलं तरी बिघडत नाही, नवीन यंत्रात शब्द घातले की सगळं परत येतं. उलट यंत्र तिजोरीत असलं आणि शब्दांचा फोटो दुसऱ्याच्या हाती पडला, तर पैसे गेले. म्हणजे ज्याला आपण आठ-दहा हजार रुपये मोजतो ती वस्तू दुय्यम, आणि जो कागद डायरीत खोचतो तो खरा ऐवज!

हे उलटं झालंय, कारण यंत्र विकता येतं, कागद विकता येत नाही. "घ्या आणि निवांत झोपा" अशी जाहिरात यंत्राचीच होणार. झोपा कसल्या? २१ फेब्रुवारी २०२५ला बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं. तिथे सह्या करणारे काही नवशिके नव्हते आणि हार्डवेअर वॉलेटही वापरत होते. संगणकाच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर झाली. यंत्र सही करतं, पण कशावर करतोय हे वाचायचं काम माणसाचंच. लॅपटॉपवर कॉपी-पेस्ट केलेला पत्ता मधल्या मध्ये बदलणारे व्हायरस असतात. म्हणून यंत्राच्या त्या इवल्याशा पडद्यावरचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा. कंटाळा येतो? मग हा उद्योग आपला नव्हे.

दुसरी गोष्ट. फ्रान्सच्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२०मध्ये फुटली. सुमारे पावणेतीन लाख लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर आले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी पोस्टाने चक्क बनावट यंत्रं आली, सोबत पत्र, की तुमचं जुनं यंत्र असुरक्षित आहे, या नव्यात तुमचे चोवीस शब्द घाला. २०१८मध्ये एकाने इबेवरून यंत्र घेतलं, तर खोक्यातच स्क्रॅच कार्डावर शब्द छापून तयार! त्याला वाटलं कंपनीची सोय. शब्द आधीच विकणाऱ्याकडे होते हे पैसे गेल्यावर कळलं. म्हणून यंत्र कंपनीकडून थेट घ्या. शब्द तुमच्यासमोर यंत्राच्या पडद्यावरच उमटले पाहिजेत. आणि ते शब्द यंत्र सोडून कुठेही, कुठल्याही वेबसाइटवर, कुठल्याही ‘कस्टमर केअर’वाल्याला द्यायचे नाहीत. मोबाइलने फोटो काढायचा नाही. स्वतःलाच मेल करायचा नाही. आपल्याकडे प्रत्येक कागदाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायची जी सवय आहे, ती इथे घात करेल.

इथपर्यंत सगळे जाणकार माना डोलावतात. खरं भांडण पुढे आहे.

‘कोणालाही सांगू नका.’ हे वाक्य प्रत्येक जण सांगतो. मीही सांगितलं. ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं, कारण ते चोरापासून वाचवतं. पण माणूस मरतो, आजारी पडतो, विसरतो, याचा विचारच त्यात नाही. चोर येईलच असं नाही, दुसरी गोष्ट मात्र प्रत्येकाच्या घरी येणार आहे. बँकेत नॉमिनी असतो. म्युच्युअल फंडात असतो. काहीच नसलं तर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणता येतं. इथे कोर्टाने कागद दिला तरी तो दाखवायचा कोणाला? पलीकडे खिडकीच नाही. शब्द हाच नॉमिनी. तो रद्दीत गेला की संपलं.

आणि एक गंमत सांगतो. २०२२पासून आपल्याकडे या कमाईवर ३० टक्के कर आहे. प्रामाणिक माणूस हे सगळं रिटर्नमध्ये भरतो. म्हणजे आयकर खात्याला सांगतो, बायकोला सांगत नाही!

भाचा यावर म्हणाला, "मामा, पण सांगितलं की धोका वाढतोच ना?" वाढतो. खोटं कशाला बोलू? २०२५च्या जानेवारीत फ्रान्समध्ये लेजरच्याच एका सहसंस्थापकाला घरातून पळवून नेलं आणि खंडणीसाठी त्याचं बोट कापलं. आणि विश्वासाचं म्हणाल तर पुण्याचंच उदाहरण घ्या. गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी २०२२मध्ये अटक केली. तपासातलं क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. तेव्हा लग्नाच्या पंगतीत सांगत फिरा असं मी म्हणत नाही.

मी म्हणतो, ‘सांगणं’ ही एक गोष्ट नाही, तीन आहेत. असं काही आपल्याकडे आहे, हे एक. कागद कुठे आहे, हे दुसरं. आणि कागदावर काय आहे, हे तिसरं. तिसरं कोणालाच तोंडी सांगायची गरज नाही. पहिली दोन घरातल्या एका माणसाला माहीत असलीच पाहिजेत. कागदाच्या दोन प्रती, एक घरात आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये, दोघांच्या नावावरच्या. कोकणातल्या दमट हवेत किंवा वाळवीच्या घरात कागद टिकत नाही, तिथे धातूच्या पट्टीवर कोरून ठेवावं. सोबत मराठीत लिहिलेलं एक साधं पत्र : हे काय आहे, घाई करू नका, पिन अंदाजाने घालू नका, अमुक माणसाला समोर बसवा, पण शब्द तुमच्या हातानेच घाला. काही जण शब्दांवर आणखी एक गुप्त परवलीचा शब्द लावतात. तो चुकला तर यंत्र ‘चूक’ असंही म्हणत नाही, दुसरंच रिकामं पाकीट उघडून दाखवतं. साध्या संसारी माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंगीत तालीम. आधी पाचशे-हजार रुपयांचंच नाणं यंत्रावर पाठवायचं. मग यंत्र मुद्दाम कोरं करायचं आणि कागदावरून परत उभं करायचं. रक्कम परत दिसली तर कागद बरोबर. मगच बाकीचे पैसे हलवायचे. ही तालीम आपण एकट्याने करायची नाही. बायकोला, नवऱ्याला, मुलीला बटणं दाबू द्यायची. एक दुपार जाते. त्या दुपारी तिला कळतं, की हा स्पेलिंगचा कागद नाही.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, एक्स्चेंजवरच राहू दे. तिथलंही पाहिलंय. जुलै २०२४मध्ये वझीरएक्समधून सुमारे तेवीस कोटी डॉलरचा ऐवज चोरीला गेला आणि सामान्य लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले. पण एक कबूल करायलाच हवं. एक्स्चेंज टिकलं असेल तर निदान विधवेला कोणाला तरी अर्ज करता येतो. मी दादाला तिथून उठवलं तेव्हा ही एक सोय काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं : घरच्यांना सांगायची आणि तालीम करायची तयारी नसेल तर हे यंत्र घेऊ नका. किल्ली फक्त तुमची असून चालत नाही. तुमच्यानंतर ती कोणाची, हे ठरवता येत नसेल तर पैसे बँकेतच बरे.

एक गोष्ट भाच्याला फोनवर सांगितली नाही, इथे लिहितो. त्या दिवाळीत दादा शब्द लिहून घेत होता तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. कागदाकडे बघून त्यांनी विचारलं होतं, "हे काय चाललंय?" उत्तर दादाने दिलं नव्हतं, मी दिलं होतं. "काही नाही वहिनी, ऑफिसचं आहे."

दादाच्या लॅपटॉपवरच्या अ‍ॅपमध्ये ती रक्कम आजही दिसते. भाव वाढला की आकडा वाढतो. पुतणीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी त्यात निघाली असती. मागच्या महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "भावजी, काहीच मार्ग नाही का?" मी नाही म्हणालो. त्या चहा ठेवायला उठल्या.

भाच्याने यंत्र मागवलंय. येत्या रविवारी तालीम आहे. सूनबाईंनाही बसायला सांगितलंय.