तपासणीचा अंश आणि गावाचा छेद

आरोग्य शिबिराचे यश तेथे आलेल्यांच्या संख्येवरून ठरवण्याची पद्धत सातारा-सांगलीत, तशी राज्यभरच, रुळलेली आहे. आलेल्यांची संख्या हा मात्र अपूर्णांकाचा केवळ अंश असतो; ज्यांनी यायला हवे होते त्या सर्वांची संख्या, म्हणजे छेद, हाती नसेल तर त्या अंशावरून काहीच ठरत नाही. पात्र व्यक्तींपैकी प्रत्यक्षात किती जणांनी तपासणी करून घेतली, या गुणोत्तराला प्रतिसादाचे प्रमाण म्हणतात आणि ते काटेकोरपणे मोजल्याने काय साधते, हे वृद्ध पुरुषांच्या महाधमनी तपासणीवरून स्पष्ट होते.

हृदयातून निघून पोटात उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला महाधमनी म्हणतात. पोटातील तिची रुंदी साधारण 2 सेंटिमीटर असते. वाढत्या वयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत, तिची भिंत दुबळी होऊन ती 3 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद झाली, की त्यास महाधमनीचा फुगवटा म्हटले जाते. तो बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो आणि फुटल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. उलट वेळीच शोधायचा तर पोटाची एक साधी सोनोग्राफी पुरते. ब्रिटनमध्ये 65 ते 74 वयाच्या सुमारे 67,800 पुरुषांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तपासणीस बोलावलेल्या गटातील या विकाराचे मृत्यू 42 टक्क्यांनी कमी आढळले. बोलावलेल्यांपैकी सुमारे 80 टक्केच आले होते, तरीही न आलेल्यांना हिशेबातून वगळले नव्हते, म्हणूनच त्या निष्कर्षाला वजन आले. इंग्लंडमध्ये 2009 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या कार्यक्रमात पासष्टी गाठणाऱ्या पुरुषांना पत्र जाते आणि प्रतिसाद विभागवार मोजला जातो. त्या मोजणीमुळेच उघड झाले की, जेथे गरिबी आणि धूम्रपान अधिक, तेथेच प्रतिसाद कमी आहे.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही आणि इंग्लंडची नक्कल घाईने करणेही योग्य नाही, कारण ब्रिटनमधील दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत हा विकार गोऱ्या पुरुषांपेक्षा बराच कमी आढळला आहे. शिवाय गर्भलिंगनिदानविरोधी 1994 च्या कायद्याने सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि त्याच्या वापराची जागा यांवर कडक बंधने घातली आहेत. म्हैसाळच्या 2017 मधील स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणाने हादरलेल्या सांगली जिल्ह्यात ती सैल व्हावीत, असे कोणीही म्हणू नये. परिणामी यंत्र सहसा वृद्धाच्या दारी जाऊ शकत नाही. पाटणच्या डोंगरातील वाडीवरून कराडला किंवा जतच्या गावातून मिरजेला त्यालाच जावे लागते आणि ते अंतर, तो खर्च व सोबतीला लागणारे माणूस यांवर प्रतिसाद अवलंबून राहतो.

मोजणीची शिस्त मात्र साताऱ्याला नवी नाही. केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहभागाने 2017 च्या अखेरीस आकाराला आलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे प्रथम निवडले गेले. त्यात प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जाते, 140/90 च्या खाली रक्तदाब आलेल्यांचे प्रमाण काढले जाते आणि भेट चुकवणाऱ्यांची गणना वेगळी होते. ही पद्धत मोलाची आहे. तथापि तिचा छेद नोंदणी झालेल्या रुग्णांचा आहे, गावाचा नाही. आयुष्य मुंबईत माथाडी कामात घालवून परतलेला पाटण-जावळीचा वृद्ध, किंवा परप्रांतात सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय करून खानापूर-आटपाडीकडे आलेला वृद्ध, उपकेंद्राची पायरी चढत नाही तोवर या छेदात येतच नाही.

यावर उपाय आवाक्यातला आहे. तिशीपुढील प्रत्येकासाठी आशा सेविका भरत असलेल्या जोखीम-प्रपत्रात तंबाखूच्या सवयीचा प्रश्न आधीच आहे. त्यावरून पासष्टीपुढील धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या पुरुषांची गावनिहाय यादी करावी आणि यादीत किती, निरोप किती जणांना पोहोचला, तपासणी किती जणांची झाली व दोष आढळलेल्यांपैकी उपचार किती जणांना मिळाले, हे चार आकडे लिहावेत. प्रोस्टेट किंवा मूतखड्यासाठी ज्या वृद्धांची पोटाची सोनोग्राफी होतेच, त्यांच्या अहवालात महाधमनीची रुंदी नोंदवली गेल्यास नवे यंत्र किंवा नवा प्रवास न लागता ही पाहणी सुरू होऊ शकेल.

सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांनी यापुढे कोणत्याही शिबिराचा आकडा जाहीर करताना त्याखाली पात्र व्यक्तींची गावनिहाय संख्या छापावी आणि न आलेल्यांकडे आशा सेविकेला पुन्हा पाठवावे. मतदार आणि ग्रामसभा यांनी हा छेद मागून घ्यावा.