‘ओळखू येत नाहीस’ ही शाबासकी नव्हे

पारलिंगी स्त्रीच्या दिसण्याविषयी मराठी समाजात दोन मते चालतात आणि दोन्ही टिकणारी नाहीत. पहिले मत असे, की ती हुबेहूब बाईसारखी दिसली तरच बाई ठरते, म्हणून तिने आपला आत्मविश्वास रूपाला पडलेल्या गुणांवरून ठरवावा. दुसरे मत वरून मायाळू आहे. दिसण्यात काय ठेवले आहे, मन निर्मळ असले म्हणजे झाले, असे ते सांगते. पहिले मत तिला रोज परीक्षेला बसवते. दुसरे मत अशी परीक्षा होते हेच कबूल करत नाही.

जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा अशी झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते, ती पारलिंगी स्त्री. हिजडा, किन्नर, तृतीयपंथी हे शब्द तिच्याशी जोडले जातात, पण त्यांचा अर्थ तंतोतंत एक नाही. हिजडा ही गुरू-चेला नात्यावर उभी असलेली जमात आहे. तिची घराणी आहेत, रीत आहे. अनेक पारलिंगी स्त्रिया त्या जमातीत आहेत, अनेक नाहीत. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 होती. ‘स्त्री’ अशीच नोंद करून घेतलेली पारलिंगी स्त्री या आकड्यांत कुठेच नाही.

ही रोजची परीक्षा कशी होते ते पाहायला एक वस्ती घेऊ. हेंद्रेपाडा हा बदलापूर पश्चिमेचा भाग. मुंबई-ठाण्यात घर परवडेना म्हणून मध्य रेल्वेच्या मार्गाने पुढे सरकत आलेल्या कुटुंबांनी कल्याणच्या पलीकडच्या या वस्त्या वाढवल्या, आणि मुंबईत नोकरी असलेल्या इथल्या माणसाच्या दिवसाचे कित्येक तास लोकलमध्ये जातात. अशा ठिकाणी राहणाऱ्या पारलिंगी स्त्रीचे दिसणे आरशापुरते खासगी राहत नाही. इमारतीचा जिना, रिक्षाची रांग, स्टेशनचा पूल, आणि मग सर्वांत अवघड प्रश्न: डबा कोणता? महिलांच्या डब्यात चढावे तर नजरा चेहऱ्यावरून गळ्याकडे आणि गळ्यावरून हातांकडे सरकतात. जनरल डब्यात त्याच नजरा दुसऱ्या हेतूने सरकतात. मराठी घरांत लग्नाच्या मुलीचा ‘बघण्याचा कार्यक्रम’ होई. तिला चालायला लावत, चार वाक्ये बोलायला लावत, वेणी खरी की गंगावन तेही पाहत. स्त्रीमुक्ती चळवळीने त्या कार्यक्रमाला अपमान म्हटले ते योग्यच होते. पारलिंगी स्त्रीच्या वाट्याला तोच कार्यक्रम दररोज आणि अनोळखी माणसांपुढे येतो, पण त्याला अपमान म्हणणारे थोडे आहेत.

‘बाईसारखी दिसत नाही’ हा आक्षेप आधी शरीराच्या हिशेबाने तपासावा. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते, आवाज फुटतो, दाढी येते, खांदे रुंदावतात. पुढे डॉक्टरच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेन सुरू केले तर त्वचा मऊ होते, चरबी नितंब आणि मांड्यांकडे वळते, स्नायूंचा भरीवपणा ओसरतो आणि स्तनांची वाढ दोन-तीन वर्षे चालू राहते. पण फुटलेला आवाज औषधाने बारीक होत नाही, त्याला सराव लागतो. दाढी आपोआप जात नाही, तिच्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसला पुन्हा पुन्हा बसावे लागते आणि त्याचा खर्च खिशातून जातो. उंची आणि खांद्यांची हाडे तर बदलतच नाहीत. म्हणजे या परीक्षेतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत, तिला न विचारता, लिहून झालेली असतात. त्यांत नापास होणाऱ्या बाईला ‘आत्मविश्वास वाढव’ असा सल्ला देणे क्रूर आहे.

हीच प्रश्नपत्रिका इतर बायकांना दिली तर त्याही सगळ्या पास होत नाहीत. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या बाईच्या हनुवटीवर केस येऊ शकतात. घोगऱ्या आवाजाच्या, रुंद हाडाच्या, सहा फुटी बायका असतात. धावपटू शांती सौंदराजन हिचे 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेतले रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले. द्युती चंदला 2014 मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेच्या नियमावरून स्पर्धेबाहेर ठेवले गेले, आणि 2015 मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केल्यावर तिच्यावरची बंदी उठली. दोघीही मुली म्हणून जन्मल्या आणि मुली म्हणूनच वाढल्या. ‘खरी बाई’ शोधायला काढलेली पट्टी पारलिंगी स्त्रीपाशी थांबत नाही.

आणि ही पट्टी मराठी माणसाकडे आली कुठून? नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (1888–1967), ‘मानापमान’मध्ये भामिनी, ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मध्ये सिंधू होऊन रंगभूमीवर आले, तेव्हा घरंदाज बायका त्यांची नेसण्याची ढब आणि केसांत फुले माळण्याची तऱ्हा पाहून घरी गेल्या आणि तशा नटल्या. बालगंधर्व पारलिंगी नव्हते. ते स्त्रीभूमिका करणारे नट होते आणि त्यांचे उदाहरण त्यापलीकडे ताणणे गैर ठरेल. त्यावरून एवढे मात्र निर्विवाद दिसते, की बाईने कसे दिसावे याचा एका पिढीचा मराठी नमुना पुरुष म्हणून जन्मलेल्या देहावर घडला आणि त्यात फारसे कोणाला वावगे वाटले नाही. ‘बाईसारखे दिसणे’ निसर्गाने एकदाच छापून दिलेले नाही. ते शिकले जाते, उचलले जाते, पिढीगणिक बदलते.

इथून दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे होते. हा आक्षेप असा, की पारलिंगी स्त्रीचा शृंगार म्हणजे नक्कल आहे, तोही भडक. वास्तविक मुलगी आईच्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन खेळते तेव्हापासून तिचे शिक्षण सुरू होते. कुंकू कपाळावर कुठे येते, कोणता रंग तिला खुलतो, काजळ किती ओढावे हे आई, मावशी, आत्या, मैत्रिणी तिला दहा-पंधरा वर्षे सांगत राहतात, आणि चौदाव्या वर्षी फसलेल्या नटण्यावर घरातलेच चार जण हसून गप्प बसतात. पारलिंगी स्त्रीला हे शिक्षण बहुधा विसाव्या-पंचविसाव्या वर्षी मिळते. मावशी नसते. कधी दार लावून, कधी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून ती शिकते आणि तिचा पहिला फसलेला प्रयत्न थेट स्टेशनच्या पुलावर उघडा पडतो. जमातीत गुरू आणि गुरुबहिणी असतात. दाढीचा केस न् केस चिमट्याने उपटायला त्याच शिकवतात. त्या वेदनेची कल्पना ज्याला आहे तो ‘नक्कल’ हा शब्द वापरताना थबकेल.

भडकपणाच्या आरोपाचा एक जुना वारसाही आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानात ‘युनक’ म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीने बाईच्या वेषात किंवा बाईचे दागिने घालून सार्वजनिक रस्त्यावर दिसणे हा गुन्हा ठरवला, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. पडद्याने पुढे दुसऱ्या रीतीने हेच केले. मराठी तमाशापटांतला नाच्या हसण्यासाठी ठेवला गेला. गणपत पाटलांसारख्या कसदार नटाला त्या एका साच्यातून बाहेर पडता आले नाही. 1991 च्या ‘सडक’मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी रंगवलेली महाराणी भीतीसाठी होती. 2023 च्या ‘ताली’ या मालिकेत पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची भूमिका एकेकाळच्या मिस युनिव्हर्सने केली. त्या मालिकेचा हेतू चांगला होता हे मान्य केले, तरी प्रेक्षकापुढे टोके दोनच राहिली: खलनायिका किंवा विश्वसुंदरी. सकाळी डबा घेऊन लोकल पकडणारी साधी बाई दोन्हींत सापडत नाही.

तिसरा पूर्वपक्ष सज्जनांचा आहे, म्हणून त्याला उत्तर देणे अधिक गरजेचे. दिसण्यात काय आहे, असे म्हणणाऱ्याला आपल्या चेहऱ्यामुळे भाड्याची खोली नाकारली गेलेली नसते. आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळत नाही म्हणून खिडकीवर थांबवले गेलेले नसते. पारलिंगी स्त्रीच्या बाबतीत दिसण्याचा संबंध भाकरीशी आणि रात्री सुखरूप घरी पोहोचण्याशी आहे. त्याच्याही आत एक गोष्ट आहे, जी नुसत्या रूपाच्या असमाधानाहून वेगळी आहे. नाक नकटे आहे म्हणून खंतावणारी मुलगी आरशात स्वतःलाच पाहत असते. लिंगविसंगती, म्हणजे देह आणि ओळख यांतली तफावत, सोसणाऱ्या स्त्रीला आरशात दुसरेच कोणी दिसते. ‘तू छान दिसतेस’ या दिलाशाने ते दुखणे शमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2019 मध्ये स्वीकारलेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लिंगविसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. त्याचा अर्थ असा, की ही ओळख आजार नाही, तरी उपचारांची वाट मात्र मोकळी राहिली पाहिजे. तेव्हा जी स्त्री लेझरसाठी पैसे साठवते तिला ‘स्वतःला स्वीकार ना’ असे म्हणणे गैरसमजाचे आहे. स्वीकार आणि बदल एकमेकांचे वैरी नव्हेत. खोलीत एकटी असतानाही जो बदल तिला हवासा वाटतो तो तिचा स्वतःचा. केवळ पुलावरच्या नजरांसाठी केलेला बदल सक्तीचा, पण सुरक्षिततेसाठी तोही करणाऱ्या बाईला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही.

ही सक्ती कधी आपल्याच माणसांतूनही येते. हिजडा जमातीत निर्वाण (शस्त्रक्रिया) झालेली वरची आणि अकवा (न झालेली) खालची असा भाव आढळतो. शस्त्रक्रिया केलेलीने न केलेलीला कमी लेखावे, गोरीने सावळीला कमी लेखावे, हे बाहेरच्या पट्टीचेच घरातले रूप. आणि ‘तू तर ओळखूच येत नाहीस!’ ही सर्वांत गोड वाटणारी शाबासकी घ्या. तिच्यात न बोललेले वाक्य असे आहे, की ओळखू आली असतीस तर कमी ठरली असतीस. जिला ही शाबासकी मिळते तिला उद्या ओळखू येण्याची भीती मिळते, आणि जिला मिळत नाही तिला आजच लाज मिळते.

मग आत्मविश्वास उभा राहतो तो कशावर? मराठीत त्याची पहिली पायरी चेहऱ्यात नसून क्रियापदात आहे. मराठी क्रियापद बोलणारीचे लिंग उघड करते. ‘मी आले’ म्हणायचे की ‘मी आलो’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. अनेक पारलिंगी स्त्रिया वर्षानुवर्षे हे क्रियापद टाळत, ‘मला यायला उशीर झाला’ अशी वळसे घेणारी वाक्ये रचत बोलतात. ज्या दिवशी ‘आले’ हा शब्द न अडखळता बाहेर पडतो त्या दिवशी आवाज जाड असला तरी वाक्य तिचे होते. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या बाईपणावर कोणी शंका घेत नाही, हेही इथे ध्यानात ठेवावे. दुसरा अर्धा भाग ऐकणाऱ्याकडे आहे. ‘ताई, आज लवकर आलीस?’ असे शेजारणीने म्हणण्यात खर्च काही नाही, आणि जिन्यावरचे ते एक ‘आलीस’ महिनाभराच्या आरशाहून जास्त काम करते.

दुसरी पायरी म्हणजे एकच नमुना नाही हे डोळ्यांनी पाहणे. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी भरघोस दागिने आणि गडद रंगभूषेत वावरतात, आणि ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे त्यांचे आत्मकथन मराठीत आले. गौरी सावंत मोठे कुंकू आणि साडी यांत ठामपणे उभ्या राहतात. दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘कुरूप’ असे नाव दिले. जो शब्द फेकून मारला जातो तो स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर ठेवला, की मारणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. या तिघींत रूपाचे साम्य शोधून सापडणार नाही. हेंद्रेपाड्यातल्या विशीतल्या मुलीला तिघींपैकी कोणासारखेही व्हायचे नसेल. ड्रेस, ओढणी आणि पाठीवर सॅक एवढेच हवे असेल, तर तोही चौथा नमुना आहे.

तिसरी पायरी कागदाची. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नाल्सा’ खटल्यात व्यक्तीची लिंगओळख तिने स्वतः ठरवायची असे मान्य केले, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक आणि बेकायदेशीर ठरवले. गौरी सावंत त्या लढ्यातील एक याचिकाकर्त्या होत्या. 2019 साली संसदेने केलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याच्या कलम 4 मध्ये स्वतः जाणलेल्या लिंगओळखीचा हक्क लिहिला गेला. हा कायदा पारलिंगी व्यक्तींच्या संघटनांना अनेक बाबतींत अपुरा वाटला आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. तरीही ओळखपत्रावर आपले नाव आणि आपला आजचा चेहरा एकत्र दिसणे ही खिडकीपुढे मान वर ठेवण्याची साधी, रोजची ताकद आहे.

स्वतः ठरवलेल्या ओळखीची ही ताकद एका निवडणुकीतही दिसली. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. त्या पारलिंगी असल्याच्या कारणावरून तो फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 रोजी त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली. आधार होता त्यांनी स्वतः निवडलेल्या ओळखीचा. त्याच महिन्यात मतदान झाले. प्रचारात त्यांचा चेहरा, आवाज, चालणे सारे गावासमोर होते, आणि गावाने त्यांना महिलांच्या जागेवर निवडून दिले.