विज्ञानपट पाहिला, पुढे काय?

शाळेच्या सभागृहात किंवा गावच्या वाचनालयात विज्ञानपट दाखवायचा म्हटला, की कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. पाहुण्यांचा परिचय, चित्रपट, पाहुण्यांचे चार शब्द, आभार. हे चार शब्द बहुधा चाळीस मिनिटे चालतात, आणि ज्यांच्यासाठी सारा खटाटोप केला ती मुले तोवर चपला शोधू लागतात. माझे म्हणणे असे, की वेळ अपुरा असेल तर कात्री चित्रपटाला लावावी, चर्चेला नव्हे. आणि चर्चेत पहिले बोलण्याचा मान मुलांना द्यावा.

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ घ्या. तो एप्रिल १९६८ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे मानवाचे पाऊल चंद्रावर पडण्यापूर्वी सव्वा वर्ष. पटकथा कुब्रिक आणि आर्थर क्लार्क यांची. लांबी जवळजवळ अडीच तास, आणि पहिली सुमारे पंचवीस मिनिटे कोणी एक शब्द बोलत नाही! मुले कंटाळतात ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. मग अवकाशस्थानकापासून हॅल या संगणकाच्या शेवटापर्यंतचाच भाग दाखवा. चित्रपटाचे रसिक रागावतील, रागावोत.

या भागात वहीपेन्सिल घेऊन बसण्यासारखे पुष्कळ आहे. स्थानक चाकासारखे फिरते, म्हणून आतल्या माणसाला कडेच्या बाजूस वजन जाणवते. दहावीत शिकलेले सूत्र आठवा : वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. स्थानकाचा व्यास ३०० मीटर धरला आणि चंद्रावरच्याइतके, म्हणजे सेकंदाला सेकंदाला १.६ मीटर त्वरण हवे असेल, तर एका फेरीला सुमारे एक मिनिट लागते. पडद्यावर फेरी किती वेळात होते ते घड्याळ लावून पाहा.

आता ‘डिस्कव्हरी’ यानातले लहान चाक. चित्रणासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे फिरते चाक खरोखर बांधले होते. नट तळाशीच धावे आणि चाक त्याच्या पायाखालून फिरे. एवढ्या चाकात पृथ्वीइतके वजन हवे असेल तर दर पाच सेकंदांना एक फेरी हवी. शिवाय उभ्या माणसाचे डोके आसाच्या जवळ असल्याने तेथे त्वरण पायांपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी! अशा चाकात धावणाऱ्याचे डोके गरगरेल की नाही, यावर वर्गात खुशाल भांडण होऊ द्या.

चुकाही शोधाव्यात. अवकाशात स्फोटाचा आवाज येत नाही, हे या चित्रपटाने कटाक्षाने पाळले. पण चंद्रावर यान उतरताना धूळ ढगासारखी घोळते. हवाच नसताना ती घोळेल कशी?

काही प्रश्न मात्र गणिताने सुटत नाहीत. बोलणाऱ्या संगणकाचे आजच्या मुलांना नवल नाही. हॅलने माणसे का मारली हे त्यांना विचारा. मोहिमेचा खरा हेतू जागे असलेल्या दोघा अंतराळवीरांना ठाऊक नसतो, हॅलला ठाऊक असतो. दोष यंत्राचा, की त्याच्याकडून गुपित राखून घेणाऱ्यांचा? काळ्या शिळेचा अर्थ काय, हे कोणी विचारलेच, तर चित्रपट त्याचे उत्तर देत नाही असे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे. अशा वेळी पाहुण्यांना गप्प बसवणे सर्वांत कठीण जाते.

जाता जाता एक वाद. चंद्राकडे निघालेले डॉ. फ्लॉइड नळीने पातळ अन्न ओढतात आणि थांबताच ते नळीतून परत जाते. वजनरहित अवस्थेत ही चूक, असे पुष्कळजण म्हणतात. पण बंद डब्यातून द्रव ओढला की आतला दाब कमी होतो; मग बाहेरची हवा त्याला परत ढकलणार नाही का? बाटलीच्या तोंडात नळी घालून भोवती चिकणमाती घट्ट लिंपा, बाटली आडवी धरा, नळीचे टोक पाण्यात बुडालेले ठेवा, आणि पाणी ओढून पाहा.