नकाशाच्या फाइलीचे नाव आणि गावाचे नाव

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात केंद्र-संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर आढळली नाहीत, असे नमूद होते. त्यांतील काहींचा पुढे शोध लागला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे जी माहिती आली, तीत हा आकडा ५० वर होता: १४ स्मारके शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागत नव्हता.

पहिल्या दोन गटांचे कारण कळते. धरण बांधले की गाव बुडते आणि गावाबरोबर देऊळही बुडते. हिडकल जलाशयातील विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर डोकावते, हे आपल्या भागातील लहान मुलालाही ठाऊक आहे. पण दगडी वास्तूचा ‘ठाव लागत नाही’ म्हणजे काय? अशा प्रकरणांत पुष्कळदा तुटलेला असतो तो कागद आणि जमीन यांच्यामधला दुवा. जुन्या अधिसूचनेत गावाचे नाव आणि एखादी ढोबळ खूण एवढाच तपशील असतो. पुढे गावाचे नाव बदलते, तालुका बदलतो, सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडतात, आणि कागदावरचे स्मारक जमिनीवर कोठे शोधावे हे कोणाला सांगता येत नाही. मार्च २०२४ मध्ये १८ स्मारके संरक्षित यादीतून वगळण्याची जी कार्यवाही सुरू झाली, तिची मुळे येथे आहेत.

सीमाभागातील वाचकांना हा विषय परका वाटू नये. गावांच्या नावांवर आणि गावांच्या याद्यांवर आपल्या तीन पिढ्यांची हयात गेली आहे. एकट्या बेळगावचे उदाहरण घ्या. शिलालेखांतील वेणुग्राम, मराठीतील बेळगाव, इंग्रजी अमदानीतील रोमन रूप आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकाच्या दप्तरातील बेळगावी, अशी एकाच जागेची चार नावे. खानापूर तालुक्यातील हलशी ही कदंबांची पलाशिका. तिचे नाव कोणी हलसी लिहितो, कोणी हळशी. रोमन लिपीत तर ज्याला जसे सुचेल तसे. मुंबई इलाख्याचे १८८४ चे बेळगाव गॅझेटियर, १९५६ पूर्वीचे मुंबई राज्याचे महसुली कागद आणि आजचा कन्नड उतारा समोरासमोर ठेवले, तर भूवराह नरसिंहाचे देऊळ एकच आहे की तीन, असा प्रश्न एखाद्या परक्या माणसाला पडेल.

आपल्या भागातील अनेक तरुण आज वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, बारवा यांच्या नोंदी करीत आहेत. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतात, संगणकावर क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत नकाशा करतात. हे काम मोलाचे आहे आणि ते कोणत्याही अनुदानावाचून चालले आहे. परंतु या मंडळींनी मला पाहण्यासाठी दिलेल्या फाइलींची नावे पाहून माझ्यातील वकील हबकतो. ‘वीरगळ’, ‘वीरगळ नवीन’, ‘वीरगळ अंतिम’, ‘वीरगळ अंतिम दुरुस्त’. (आमच्या व्यवसायात ‘अंतिम’ हा शब्द अपिलाची मुदत संपेपर्यंत कोणी उच्चारीत नाही.) यांतील खरी कोणती, हे सहा महिन्यांनी ती करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मग उलटतपासणीत त्याने काय सांगावे?

यावर आपल्यातील काहींचा उपाय असा, की फाइलीचे नाव शुद्ध मराठीत, देवनागरीत आणि गावाच्या मराठी नावाने असावे. अस्मितेचा प्रश्न आहे. अस्मितेबाबत माझे दुमत नाही. फाइलीच्या नावाबाबत मात्र मी या मताच्या विरोधात आहे, आणि तो मराठीच्या हितासाठीच.

आधी लिपीचा मुद्दा. ‘पायऱ्यांची विहीर’ हे नाव टंकताना ‘ऱ्या’ दोन प्रकारे साधता येतो. एका प्रकारात संगणक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर साठवितो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे, संगणकाच्या लेखी मात्र भिन्न. एकाच फोल्डरात ‘एकाच नावाच्या’ दोन फाइली सुखाने नांदतात, आणि एक शोधली तर दुसरी सापडत नाही. नकाशाशास्त्रात आजही सर्वत्र चालणारी शेपफाइल ही तर एक फाइल नसून समान नावाच्या किमान तीन फाइलींचे कुटुंब आहे. त्यांतील एकीचे नाव एका अक्षराने जरी वेगळे झाले, तरी कुटुंब मोडते. तिच्या तक्त्यातील स्तंभाच्या नावाला फक्त १० बाइटची जागा असते. सध्याच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे तीन चिन्हांवर कारभार आटोपला. ‘वीरगळ’ या शब्दाला पाच चिन्हे लागतात, तेव्हा त्याचा ‘वीर’ होतो आणि दगड गळून पडतो. संकेतन सांगणारी छोटी जोडफाइल हरवली, तर आतील सगळे मराठी प्रश्नचिन्हांत बदलते.

बरे, रोमन लिपीत गावाचे नाव लिहावे, तर ‘ळ’ जातो. गोव्याच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. कुशावतीकाठची उसगाळीमळ येथील कातळशिल्पे पणसायमळ या नावानेही ओळखली जातात, आणि या दोन्ही नावांची रोमन रूपे मोजू लागलो तर हाताची बोटे पुरणार नाहीत. शिवाय नाव हेच ज्याचे ओळखपत्र, ते नाव राजपत्रातील एका अधिसूचनेने बदलते. आज मराठी नाव दिले, उद्या दुसऱ्या कोणी ती फाइल कन्नड नावाने जतन केली, परवा तिसऱ्याने इंग्रजी केले. तिन्ही फाइलींत त्यानंतर वेगवेगळे बदल झाले. वादाचा निकाल लागेपर्यंत पुरावाच उरत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव रुक्ष आहे. प्रत्येक स्थळाला एक निरर्थक क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ०१४७. त्यात गाव, तालुका, भाषा, कालखंड काहीही नको, कारण अर्थ आला की तो अर्थ बदलण्याची मागणीही येते. क्रमांक एकदा दिला की पुन्हा दुसऱ्या स्थळाला देऊ नये. स्थळ नष्ट झाले तरीही. फाइलीच्या नावात हा क्रमांक, नकाशात काय आहे ते दर्शविणारा एक ठरीव लघुशब्द, वर्ष-मास-दिवस या क्रमाने आठ अंकी दिनांक आणि आवृत्तीचा अंक: ‘०१४७_सीमा_२०२४०५१२_०२’ अशा धर्तीचे, प्रत्यक्षात साध्या रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. वर्ष आधी लिहिल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. आणि दिनांक हा मोजणीचा असावा, संगणकावर जतन केल्याचा नव्हे. मे महिन्यातील जलाशयाकाठचा नकाशा आणि ऑगस्टमधील नकाशा यांत देऊळ असण्या-नसण्याचा फरक पडतो.

मग मराठी कोठे? आत, नोंदीत, आणि तेथे कसलीही काटकसर न करता. दस्तऐवजांत आपण ‘उर्फ’ लिहितो, त्या शब्दाचे सामर्थ्य आपण विसरलो आहोत. नोंदीच्या तक्त्यात प्रत्येक स्थळाची सर्व नावे लिहावीत: देवनागरीत मराठी, कन्नड लिपीत कन्नड, गोव्यात कोंकणीही, जुन्या गॅझेटियरमधील रोमन रूप, शिलालेखातील प्राचीन रूप, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदात, कोणत्या वर्षी आढळते तो आधार. शेताचे नाव, मळ्याचे नाव, वाडीचे नाव हेही घ्यावे. कित्येक स्थळांचा खरा पत्ता तेवढाच असतो. क्रमांक कोणाच्याही बाजूचा नसल्याने एकाही नावाला हुसकावून लावण्याची गरज पडत नाही. मराठी नाव किती जुने आहे, हे अशा आधारयुक्त तक्त्यातून जितके ठामपणे सिद्ध होईल, तितके हजार फाइलींच्या नावांतून होणार नाही. आणि कन्नड नावाला त्याच तक्त्यात स्थान देण्याने आपले काही कमी होत नाही. ‘वीरगळ’ या आपल्या शब्दातच कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड आहे. त्या शब्दाने सीमा केव्हाच ओलांडली.

स्थळ आणि वस्तू यांना मात्र वेगळे क्रमांक हवेत. बेळगाव किल्ल्यातील रट्टकालीन शिलालेखांपैकी दोन आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जागा येथे, शिळा तेथे. गावोगावचे वीरगळही शेतातून उचलून देवळाच्या आवारात मांडले जातात. मूळ जागा आणि सध्याची जागा या एकाच बिंदूत कोंबल्या, तर इतिहासही हलतो.

आता कायद्याची बाजू, कारण खरा धोका तेथे आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत विनियमित क्षेत्र असते. एखादे बांधकाम ९० मीटरवर आहे की ११० वर, यावर सगळे प्रकरण फिरते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत. मोबाइलचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालते. आपल्या भागात या दोहोंतील अंतर शंभर मीटरांहून अधिक भरते. म्हणजे कोणता आधार घेतला हे नोंदले नाही, तर देऊळ स्वतःच्याच प्रतिबंधित क्षेत्राबाहेर जाऊन बसते! बेळगाव, गोवा, इंदूर आणि वडोदरा ही यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतात, हैदराबाद व ग्वाल्हेर ४४ व्या. हेही नोंदीत हवे.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे हॅश मूल्य द्यावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलीतील मजकुरावरून काढलेला अंगठ्याचा ठसा. फाइलीचे नाव बदलले तर तो बदलत नाही. आत एक स्वल्पविराम बदलला तरी बदलतो. जिओपॅकेज प्रकारची फाइल तर नुसती उघडली तरी काही वेळा बदलते. म्हणून मूळ प्रत त्याच दिवशी ‘केवळ वाचनासाठी’ कुलूपबंद करावी, तिचा ठसा नोंदवहीत लिहावा आणि काम प्रतीवर करावे. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जुन्या कायद्याखालील प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले होते. नवा कायदा त्याहून सैल नाही.

एक सावधगिरी. गुप्तधनाच्या लोभाने रात्री पहारी घेऊन फिरणारे सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढे चार अंक दिले, तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी होते. दोनच दिले, तर सुमारे एक किलोमीटरपर्यंत. लोकांसाठीची प्रत दोन अंकांची असावी आणि ती तशी आहे हे फाइलीच्या नावातच कळावे.

आरंभ खानापूर तालुक्यापासून करता येईल. पाच-सहा माणसांनी बसून क्रमांकांची एकच वही ठेवावी, तिच्या प्रती तीन वेगवेगळ्या गावी असाव्यात, आणि क्रमांक देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. ज्यांच्या घरी जुने मोडी खरेदीखत, इनामपत्र किंवा १९५६ पूर्वीचे उतारे आहेत, त्यांनी त्यांतील शेतांची आणि देवस्थानांची नावे जशीच्या तशी, शुद्धलेखन न सुधारता, कागदाच्या सालासह उतरवून द्यावीत.